धुराड्यावरची जाळी

१

सायलस ओकी मेला तो खुर्चीत बसल्या बसल्या, पाय शेकोटीकडे पसरून. चेहरा असा लालबुंद, की सकाळी आलेल्या पुतण्याला, विल्फला, आधी वाटलं, म्हातारा सफरचंदाची दारू ढोसून झोपलाय. विल्फने हाका मारल्या, खांदा हलवला, आणि मग त्याचंच डोकं गरगरायला लागलं. तो कसाबसा दाराबाहेर येऊन बर्फात बसला आणि सगळं विथिकॉट जागं होईल असा ओरडला.

शिपाई टिडमार्श धावत आला. खोलीत धूर नव्हता, नुसती जड, मेलेली हवा होती. टिडमार्श त्याच गावचा, दगडी घरांत वाढलेला. धुराडं तुंबून विषारी वायू कोंडलाय, हे कळायला त्याला वेळ लागला नाही. शिडी चढून तो छपरावर गेला. धुराड्याच्या तोंडावर कावळ्यांसाठी बसवलेली तारेची जाळी होती. ती उचलली तर खाली एक दगडी कौल, चांगलं ताटाएवढं, नीट बसवलेलं. वर पुन्हा जाळी ठेवलेली, म्हणजे रस्त्यावरून कुणाला काही दिसायला नको.

आणि शिडी होती डॉर्कस लिडियटची. तिच्याच घराच्या वळचणीला उभी.

डॉर्कस खिडकीतून हे सगळं बघत होती. त्या घरांच्या खिडक्या म्हणजे दगडी दांड्यांमधल्या फटीच. मांजर जाईल, माणूस जायचा नाही. दोन हात जाडीची भिंत, एकच दार, आणि त्या एका दारासमोर आता गाव गोळा झालं होतं. कुणी तिच्याकडे बोट दाखवत नव्हतं. सगळे नुसते बघत होते, आणि तेच वाईट होतं.

"हिनेच केलं!" विल्फ ओरडला. "दुकानात सगळ्यांसमोर म्हणाली होती की नाही? 'एक दिवस तुझ्या धुराड्यावर दगड ठेवीन, मग कळेल तुला.' म्हणाली होती की नाही, सांगा!"

म्हणाली होती. पावाच्या रांगेत, ठणठणीत आवाजात म्हणाली होती.

२

या भांडणाचं मूळ होतं कावळे. राखाडी मानेचे, पांढऱ्या डोळ्यांचे, धुराड्यात घरटी करणारे छोटे कावळे. सायलस त्यांना खिडकीत पाव घालायचा, एकेकाला नाव द्यायचा, आणि ते मेले डॉर्कसच्या धुराड्यात काटक्या टाकायचे. एका वसंतात जळती काटकी तिच्या गालिच्यावर पडली. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. एकाच छपराखाली, मधल्या एका भिंतीच्या दोन बाजूंना, पाठीला पाठ लावलेल्या दोन शेकोट्यांपाशी दोघं बसायची, आणि एकमेकांना नमस्कारसुद्धा करायची नाहीत. हट्टीपणात दोघांपैकी कोण सरस, हे गावाला ठरवता आलं नव्हतं.

कधीकाळी ते एकच घर होतं. दोन भावांनी मध्ये भिंत घालून त्याची दोन केली: टेकडीकडचं डॉर्कसचं, ओढ्याकडचं सायलसचं. धुराडं मात्र एकच, मधोमध, आणि त्यावर मातीची दोन तोंडं, एकमेकांपासून वीतभर अंतरावर. डॉर्कसने टेकडीकडच्या तोंडावर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी बसवून घेतली. तरी काटक्या यायच्याच. मग थोड्या दिवसांनी सायलसनेही ओढ्याकडच्या तोंडावर जाळी बसवली. त्यानंतर काटक्या थांबल्या.

"बघा, वाकुल्या दाखवतोय मला!" डॉर्कस तेव्हा म्हणाली होती. "कावळे पोसणारा माणूस, याला कशाला हवी जाळी? माझी नक्कल करतोय मेला!"

एकदा तो कुंपणापाशी आला होता. टोपी हातात, वर बोट दाखवून "मिस लिडियट, ती जाळी..." एवढंच म्हणाला. डॉर्कसने त्याच्या तोंडावर दार आपटलं. त्या दिवशी ती आपल्यावरच खूश झाली होती.

आता त्याच दाराशी टिडमार्श स्टूल टाकून बसला होता. रस्ते बर्फाने बंद, तारा तुटलेल्या. मोठ्या साहेबांना निरोप धाडायला दूधवाला घोड्यावरून गेला होता.

"कॉलिन, मला चर्चला तरी जाऊ दे."

"मावशी, तू मला रविवारच्या शाळेत शिकवलंस. माझा जीव तुटतोय गं. पण नाही सोडता येत."

"मग आत तरी येऊन बस. गारठशील."

"तेही नाही येता येत," टिडमार्श म्हणाला आणि त्याने नाक पुसलं.

डॉर्कस आत फेऱ्या मारत राहिली. दारापासून शेकोटी, शेकोटीपासून भिंतीतला वळणाचा दगडी जिना, परत दार. या घरात ती जन्मली होती. जुन्या मालकिणीने शब्द दिला होता आणि तो लिहूनही ठेवला होता, की डॉर्कस जिवंत असेतो घर तिचं. गावातल्या कितीतरी जणी शहरात गेल्या, ही नाही गेली. घर म्हणजे तिचा जीव की प्राण. आणि आता त्याच घराच्या भिंती तिला तुरुंगासारख्या वाटायला लागल्या. खऱ्या तुरुंगात नेलं तर? या म्हातारपणात, परक्या शहरात, जन्मभर? तिला रडू फुटलं आणि तिने ते दाबलं नाही.

तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टरवर बसून इन्स्पेक्टर प्रोबर्ट आला. वेल्सच्या सीमेवरचा माणूस, गोल, लालसर, भिजलेल्या मिशांचा. तो ना सायलसच्या घरात गेला, ना डॉर्कसच्या. रस्त्यातच उभा राहून त्याने छपराकडे मान वर केली आणि बराच वेळ तशीच ठेवली. हवा स्तब्ध होती, कडक दहिवराची.

"टिडमार्श, मयताच्या घरात कोण राहतंय?"

"कुणी नाही साहेब. कुलूप आहे. शेकोटीपण त्याच दिवशी विझवली."

"खात्री?"

"किल्ली माझ्या खिशात आहे ना साहेब!"

"अस्सं," प्रोबर्ट म्हणाला आणि पुन्हा वर बघायला लागला.

खिडकीतून डॉर्कसला तो दिसत होता. हा माणूस माझ्या छपरात काय बघतोय, हे तिला कळेना.

३

प्रोबर्टने आधी विल्फला गाठलं. तेही डॉर्कसच्या खिडकीखालीच, त्यामुळे तिला शब्दन् शब्द ऐकू आला.

"काका कुठला कोळसा जाळायचे?"

"कोक. भाजलेला, बिनधुराचा कोळसा, याच हिवाळ्यापासून. छातीत घरघर होती, डॉक्टरने सांगितलं धूर नको. त्याच कोकने जीव घेतला. धूर असता तर खोकून उठले तरी असते. त्यात कानांनी ठार बहिरे, छपरावर हत्ती नाचला तरी कळायचं नाही!"

"तुम्ही त्यांच्या छपरावर कधी चढलात?"

"शरदात. कौलं सरकली होती. ओढ्याकडच्या तोंडावर ती जाळी दिसली. मी म्हटलं, काका, कावळ्यांना पाव घालता आणि स्वतःच्या धुराड्याला जाळी? तर म्हणाले, 'ती जाळी माझ्यासाठी नाही.' बस्स. म्हातारं माणूस, म्हटलं भ्रमात असेल."

"असं म्हणाले?" प्रोबर्टने मिशी चोळली. "आणि काकांशी तुमचं बरं होतं?"

विल्फ उसळला. "बरं नव्हतं! ईस्टरला वृद्धाश्रमात जाणार होते. माझ्या घरी या म्हटलं, तर म्हणे तुझी बायको मटण करपवते. भांडलो मी! भांडलो म्हणून मारलं असं म्हणता का?"

"मी कुठे काय म्हणतोय," इन्स्पेक्टर म्हणाला. "तुम्हीच बोलताय."

मग तो डॉर्कसकडे आला. दारातून येताना त्याला वाकावं लागलं. आत आल्यावर ओट्यासारख्या त्या शेकोटीसमोर हात शेकत उभा राहिला. डॉर्कसने चहा पुढे केला. चहा बशीत सांडला.

"दुकानात म्हणालात ते खरं?"

"खरं. तोंड आहे माझं फटकळ. पण साहेब, तोंडाने माणूस मरत असतं तर हे गाव कधीच ओस पडलं असतं."

"त्या संध्याकाळी सगळं गाव चर्चमध्ये होतं. तुम्ही मध्येच उठून आलात."

"ऑर्गनवाली सगळं बेसूर वाजवते, माझं डोकं उठतं. आले आणि झोपले. मला कुणीच पाहिलं नाही, हे मला ठाऊक आहे. लाकडं पेटलेली होती, खोली गरम होती. बाहेर काय झालं ते या भिंतींतून ऐकूच येत नाही." मग तिला राहवलं नाही. "सगळं गाव पाठ फिरवून बसलंय. एकटे मिस्टर कॅलो तेवढे माणसात आहेत."

"कॅलो म्हणजे मालक?"

"होय. जर्व्हिस कॅलो. लंडनचे आर्किटेक्ट. दोन्ही घरं त्यांनी विकत घेतली. परत एक करायची म्हणतात, पूर्वी होतं तसं. मी जाणार नाही म्हटलं, तरी बिचाऱ्यांनी कधी आवाज चढवला नाही. उलट त्या दिवशी चर्चच्या दारात म्हणाले, 'मिस लिडियट, थंडी फार आहे, रात्री खोलीत धूर कोंडला तर सरळ आमच्याकडे या, बायकोने पलंग तयार ठेवलाय.' आणि सकाळी सगळ्यांच्या आधी माझं दार वाजवलं. 'बऱ्या आहात ना? रात्री धुराचा काही त्रास?' म्हणून. असं कोण विचारतं हल्ली?"

प्रोबर्टने कप खाली ठेवला.

"सकाळी. विल्फने सायलसला पाहिलं त्याच्या आधी की नंतर?"

"आधी. चांगला तासभर आधी. मी तर केसही विंचरले नव्हते."

"तुम्ही दार उघडलंत तेव्हा ते कसे दिसले?"

डॉर्कस विचारात पडली. "कसे म्हणजे... गोंधळलेले. माझ्यामागे आत डोकावून बघत होते. माझ्या शेकोटीकडे. थंडीने असेल."

"असेल," इन्स्पेक्टर म्हणाला. "मिस लिडियट, मला तुमच्या शेकोटीत थोडं ओलं गवत जाळायचंय. परवानगी आहे?"

४

दुपारी प्रोबर्टने सगळ्यांना रस्त्यावर उभं केलं. विल्फ, टिडमार्श, दुकानदारीण, निम्मं गाव, आणि कॅलो. कॅलो उंच, देखणा माणूस. बोलता बोलता भिंतीवरून असा हात फिरवायचा की बायकोने तेवढी माया कधी पाहिली नसेल. डॉर्कसला टिडमार्शने दंडाला धरून बाहेर आणलं. तीन दिवसांनी आभाळ बघताना तिचे डोळे दिपले.

"एक साधा प्रश्न," प्रोबर्ट म्हणाला. "वर दोन तोंडं आहेत. सायलसचं कुठलं?"

"ओढ्याकडचं," विल्फ म्हणाला. "हे काय विचारणं झालं?"

"मिस लिडियट?"

"ओढ्याकडचं. माझं टेकडीकडचं."

"मिस्टर कॅलो?"

कॅलो हसला. "साहेब, हे घर मी वीत न् वीत मोजलंय. टेकडीकडची शेकोटी, टेकडीकडचं तोंड. अशा घरात दुसरं काही असूच शकत नाही."

"छान. आता मिस लिडियटच्या शेकोटीत मी गवत टाकतो. दुसरीकडे काहीही पेटलेलं नाही."

तो आत गेला. थोडा वेळ काहीच झालं नाही. कुणीतरी खोकलं, विल्फने पाय आपटले. मग पांढराशुभ्र, दाट धूर सरळ वर चढला. ओढ्याकडच्या तोंडातून.

"अगं आई!" दुकानदारीण म्हणाली.

टेकडीकडचं तोंड तसंच राहिलं, कोरडं, थंड. डॉर्कसला वाटलं, आपले डोळे गेले. जन्म गेला या घरात आणि आपला धूर आपल्याच डोक्यावरून निघत नाही हे ठाऊक नव्हतं. कसं कळणार? दोन तोंडं वीतभर अंतरावर, दोन्हीकडे रोज आग, आणि टेकडीवरून येणारा वारा सगळा धूर एकत्र करून ओढ्याकडे लोटणारा. मान वर करून कोण बघतं?

प्रोबर्ट काळे हात पुसत बाहेर आला. "घराची दोन घरं केली तेव्हा धुराच्या नळ्या आतल्या आत वळवून एकमेकींवरून नेल्या. मलाही कळलं नसतं. पण मी आलो तेव्हा वारा पडला होता, सायलसची शेकोटी विझून तीन दिवस झाले होते, आणि त्याच्या धुराड्याच्या तोंडातून धूर येत होता. मेलेला माणूस विस्तव कसा पेटवेल? टिडमार्श, तू कौल कुठल्या तोंडावरून काढलंस?"

टिडमार्शचं तोंड उघडंच राहिलं. "टेकडीकडच्या, साहेब. शिडी तिथेच होती, जाळी उचलली... मावशीची जाळी. खाली माणूस मेलेला, माझ्या डोक्यातच नाही आलं की ते तोंड..."

"कुणाच्याच डोक्यात नाही आलं. सायलस गुदमरला, म्हणून सायलसचं तोंड बंद केलं, असं सगळ्यांनी धरलं. आता नीट ऐका. मिस लिडियटला सायलसला मारायचं असतं तर तिने कुठलं तोंड बंद केलं असतं?"

"ओढ्याकडचं," विल्फ पुटपुटला.

"तुम्हाला काकांना मारायचं असतं तर?"

"तेच."

"आणि मिस लिडियटला हे अदलाबदलीचं ठाऊक होतं असं कुणी म्हणेल, तर तिने स्वतःची जाळी सायलसच्या तोंडावर कशाला बसवली असती? म्हणजे सायलसच्या जिवावर कुणी उठलंच नव्हतं. ज्याने कौल ठेवलं त्याला टेकडीकडचं घर धुराने भरायचं होतं. या बाईंचं." तो वळला. "लाकूड जाळणारी बाई. खोकत बाहेर पडेल, आणि पलंग तर तयार होताच. मिस्टर कॅलो, सकाळी तुम्ही हिच्या दाराशी धुराची चौकशी करायला आलात, तेव्हा गावात धुराचं नावही कुणी काढलं नव्हतं."

सगळे कॅलोकडे वळले. त्याचा हात भिंतीवर होता. तो त्याने काढून घेतला, जणू दगड तापला होता.

५

"मला कुणालाही मारायचं नव्हतं!" कॅलोचा आवाज फाटला. "सगळे चर्चमध्ये असताना चढलो, हवा होता नुसता धूर. दोन-चार दिवस ती आमच्याकडे आली असती. मग मी म्हटलं असतं, धुराडं धोक्याचं आहे, पाडावं लागेल. बस्स, एवढंच! सायलसशी माझं काय वैर होतं? तो तर जायला तयार होता. अहो, म्हाताऱ्याला मी थडग्यात कशाला घालीन?"

"कौल काढलं का नाहीत मग?" प्रोबर्टने विचारलं. "सकाळी ही ठणठणीत दिसली तेव्हा?"

कॅलो खाली बघायला लागला. "मला वाटलं, जाळीमुळे नीट बसलं नसेल. रात्री परत चढून बघणार होतो. आणि मग विल्फ ओरडला. त्यानंतर सगळे मिस लिडियटचं नाव घ्यायला लागले. आणि मी..."

"आणि तुम्ही गप्प बसलात," डॉर्कस म्हणाली. "मला इथे कोंडलं आणि तुम्ही गप्प बसलात. आणि मी तुम्हाला माणसात गणत होते! शोभतं का हो तुम्हाला?"

संध्याकाळ व्हायच्या आत त्याला ट्रॅक्टरवर बसवून नेलं.

टिडमार्शने दारातलं स्टूल उचललं. विल्फ टोपी हातात घेऊन उंबऱ्याशी आला. अगदी त्याच्या काकासारखा.

"मिस लिडियट, मी वाट्टेल ते बोललो. चुकलं माझं."

"बोललास. मीही कमी बोललेली नाही. आत ये." तिने त्याला चहा दिला. मग शेकोटीकडे बघत विचारलं, "काय म्हणाले होते रे काका? जाळीबद्दल?"

"'ती जाळी माझ्यासाठी नाही.'"

डॉर्कस खुर्चीत बसली. ओढ्याकडची जाळी. तिच्या धुराड्यावर, तिच्या काटक्या थांबाव्यात म्हणून, सायलसने चढून बसवली होती. ती त्याला वाकुल्या म्हणाली होती.

"तुझ्या काकांना ठाऊक होतं," ती म्हणाली. "मला सांगायला आले होते ते. कुंपणापाशी. 'ती जाळी' एवढंच बोलले आणि मी दार लावलं."

विल्फने कप खाली ठेवला. "तुम्हाला काय माहीत होतं मिस लिडियट..."

"माहीत करून घ्यायचंच नव्हतं मला. ऐकलं असतं तर दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाला सांगितलं असतं, माझं तोंड तुला ठाऊक आहे. पार कॅलोपर्यंत गेलं असतं. मग त्याने कौल ओढ्याकडच्या तोंडावर ठेवलं असतं. मी खोकले असते, त्याच्या नावाने बोंब मारत रस्त्यावर आले असते. आणि सायलस आज कावळ्यांना पाव घालत असता." तिने शेकोटीत एक लाकूड सारलं. "माणसाला सगळ्यांशी भांडायला वेळ असतो. ऐकायला तेवढा नसतो."

विल्फ गेला. सायलसच्या घराच्या खिडकीत कावळे येऊन बसले होते, काचेवर चोच मारत होते. डॉर्कसने लादीतला निम्मा पाव कापला आणि बर्फातून चालत जाऊन त्यांच्यापुढे कुस्करला. परत आली आणि शेकोटीपाशी बसली. दार तिने लावलं नाही.

रस्त्याने जाता जाता टिडमार्श थांबला. "मावशी, दार उघडं राहिलंय! सगळी ऊब चाललीय बाहेर."

"असू दे, कॉलिन."

"गारठशील गं."

"असू दे म्हटलं ना," डॉर्कस म्हणाली, आणि शाल घट्ट लपेटून दाराकडे तोंड करून बसून राहिली.